दर महिन्याला इंडी रॉकची मिक्स करून मित्रांना पाठवतो पण कोणी पूर्ण ऐकत नाही, तुम्ही कशी करता?

तुम्ही लिहिलंय की मिक्समधे, म्हणजे निवडून लावलेल्या गाण्यांच्या यादीत, साठ-सत्तर गाणी असतात, लिंक ग्रुपवर टाकता, दोन-चार अंगठे येतात आणि पुढे काहीच नाही. वाचून एकदम जवळचं वाटलं, कारण माझंही पहिलं वर्षभर अगदी हेच झालं होतं. मी २०१६ पासून दर महिन्याला एक मिक्स करते, आता ती अकरा जणांना जाते, आणि त्यातले सात-आठ जण तरी शेवटपर्यंत ऐकतात हे मला त्यांच्या उत्तरांवरून कळतं.

इंडी म्हणजे काय ते शेवटाकडे सांगते, आधी लांबीचं बोलते. साठ गाणी म्हणजे जवळजवळ चार तास, एवढा वेळ कोणाकडेच नसतो हो, आणि असला तरी चार तासांत कुठलं गाणं तुम्ही जीव लावून निवडलंय आणि कुठलं नुसतं भरती म्हणून आलंय हे ऐकणाऱ्याला कळत नाही. माझी मिक्स पंचेचाळीस मिनिटांची असते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची यायची, तेवढीच. दहा-अकरा गाणी बसतात. बारावं टाकायचं असेल तर एक काढावं लागतं, आणि ते काढताना जो त्रास होतो ना तीच खरी निवड, त्याआधी आपण फक्त गोळा करत असतो.

ही सवय मला लागली एका मैत्रिणीमुळे. २००५ मधे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर तिने मला एक सीडी जाळून दिली होती, वरती काळ्या मार्करने माझं नाव आणि आत वहीच्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ. एका गाण्यापुढे लिहिलं होतं, हे तू मेसमधून परत येताना ऐक. मी खरंच तसंच ऐकलं, अंधारात, मेस ते हॉस्टेल एवढंसं अंतर दोनदा फिरून. आर्केड फायरचं ‘फ्यूनरल’ वर्षभरापूर्वीच आलं होतं, त्यातलं गाणं होतं ते, मॉन्ट्रियलच्या बँडचं, आणि मला तेव्हा मॉन्ट्रियल नकाशात दाखवता आलं नसतं. पण तिने ते माझ्यासाठी निवडलंय, माझ्या रोजच्या रस्त्यासाठी, ही गोष्ट आजही अंगावर येते.

म्हणून लांबीनंतरची माझी दुसरी गोष्ट हीच, मिक्स ग्रुपसाठी करू नका, एका माणसासाठी करा. दर महिन्याला मी अकरातला एक माणूस मनात धरते, त्याला सांगत नाही, पण सगळी गाणी त्याच्या हिशोबाने लावते. बाकीचे दहाजण ते ऐकतात आणि त्यांनाही आवडतं, हे कसं होतं माहीत नाही पण होतं. सगळ्यांना चालेल असं केलेलं मात्र कोणालाच लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ॲप स्वतःच याद्या बनवून देतं मग आपण कशाला. याचं उत्तर मी एका गाण्याने देते, ते माझ्या या जुलैच्या मिक्समधेही आहे. पेव्हमेंट हा कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचा बँड, नव्वदच्या दशकातला. त्यांचं ‘हार्नेस युअर होप्स’ हे गाणं १९९९ मधे एका ईपीवर, म्हणजे चार-पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, मागच्या बाजूला टाकून दिलेलं, अल्बममधेही घेतलं नव्हतं. आज स्पॉटिफायवर त्यांचं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं तेच आहे. गॅलॅक्सी ५०० चा ड्रमर डेमन क्रुकाउस्की यानेही आपल्या बँडच्या ‘स्ट्रेंज’ या गाण्याबद्दल हेच पाहिलं, २०१७ च्या सुरुवातीपासून ते अचानक बाकीच्या गाण्यांच्या कितीतरी पुढे गेलं, कारण तेव्हापासून तुमची यादी संपली की पुढचं गाणं आपोआप वाजायला लागलं, आणि मशीन जे गाणं उचलतं ते त्या बँडच्या इतर गाण्यांसारखं असेलच असं नाही, ते बाकी जगातल्या गाण्यांच्या जास्त जवळचं असतं. मला दोन्ही गाणी मनापासून आवडतात, तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. पण मशीन विचारतं की हे कशासारखं आहे, आणि माझी मैत्रीण विचार करत होती की ही आत्ता मेसमधून येत असेल. हा फरक मला खूप मोठा वाटतो.

क्रमाचंही तसंच. क्रम म्हणजे अर्धी मिक्स. मी आधी शेवटचं गाणं ठरवते, मग पहिलं, मग मधलं एक असं की जिथे वळण येतं, आणि मग बाकीची भरते. दोन गाण्यांमधली जागा नुसती ऐकायची, पहिल्याची शेवटची वीस सेकंद आणि दुसऱ्याची पहिली वीस, पाच-सहा वेळा, भांडी घासताना, बसमधे. एका बँडचं एकच गाणं. आणि किमान तीन वेगळी दशकं, नाहीतर सगळं एकाच वयाचं ऐकू येतं.

या जुलैची कशी झाली ते सांगते म्हणजे कळेल. सुरुवात न्यूझीलंडपासून. तिथल्या डनीडिन गावच्या ‘द क्लीन’ या बँडचं ‘टॅली हो’, १९८१ चं, फ्लाइंग नन नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी त्याच वर्षी क्राइस्टचर्चमधे सुरू झाली होती आणि हे तिच्या अगदी पहिल्या रेकॉर्ड्सपैकी. फार थोड्या पैशात केलेलं रेकॉर्डिंग, आवाज खरखरीत, पण त्यातला कीबोर्ड असा काही उड्या मारतो की घरात कोणी बसून राहत नाही. तो कीबोर्ड वाजवणारा मुलगा म्हणजे मार्टिन फिलिप्स, ‘द चिल्स’ या दुसऱ्या बँडचा. आणि मिक्समधे सहाव्या नंबरवर त्याचंच ‘पिंक फ्रॉस्ट’ आहे. ते ऐकलं तर विश्वास बसत नाही की हा तोच मुलगा. थंड, खोल, गिटार पाण्याखालून आल्यासारखी. त्यात ड्रम वाजवणारा मार्टिन बुल १९८३ मधे ल्युकेमियाने गेला, गाणं १९८४ मधे आलं ते त्याला अर्पण करून. बुलने आपलं लेदर जॅकेट फिलिप्सला ठेवलं होतं आणि पुढे फिलिप्सने त्या जॅकेटवरही एक गाणं केलं. फिलिप्स स्वतः २०२४ च्या जुलैत गेला, म्हणून ही दोन गाणी जुलैत. पहिल्यात तो मागे कीबोर्डवर, सहाव्यात पुढे, मधे चार गाणी.

ती चार पटकन सांगते. टोरांटोच्या ऑल्वेजचं ‘आर्ची, मॅरी मी’ (२०१४), मग ते पेव्हमेंट, मग गॅलॅक्सी ५०० चं ‘टगबोट’, आणि मग यो ला टेंगोचं ‘ऑटम स्वेटर’, १९९७ चं, ऑर्गन आणि तालावर चालणारं, कुठेही घाई नाही. यो ला टेंगो न्यू जर्सीतल्या होबोकनचे, त्यातले आयरा आणि जॉर्जिया नवरा-बायको आहेत, आणि हे गाणं ऐकताना मला नेहमी वाटतं की इतक्या हळू आवाजात एकत्र वाजवायला खूप वर्षं सोबत राहावं लागत असणार. माझा मावसभाऊ शेजारच्याच जर्सी सिटीत राहतो, पाथ ट्रेनने ऑफिसला जाताना माझी मिक्स ऐकतो, आणि जुलैचा मनात धरलेला माणूस तोच होता. दादाला आता हे वाचून कळेल.

सातव्या नंबरवर द नॅशनलचं ‘फेक एम्पायर’, २००७. याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. सुरुवातीचा पियानो ऐका, एक हात तीनात चालतो आणि दुसरा चारात, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे सम कुठे आहे हेच नीट कळत नाही आणि जरा तरंगल्यासारखं होतं. मग ड्रम येतात आणि पायाखाली जमीन लागते. हे मला समजलं ते बाबांमुळे. बाबा हौशी तबला वाजवतात, रॉकशी त्यांचा काही संबंध नाही, पण मी गाडीत हे लावलं होतं तर ते मांडीवर बोटं आपटत राहिले आणि सिग्नलला म्हणाले, अगं हा तीन आणि चार एकत्र धरतोय, परत लाव. मी परत लावलं. कर्वे रोडवरून घरी येईपर्यंत चार वेळा. त्या दिवसापासून बाबा माझ्या यादीतले अकरावे.

त्यानंतर दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचं ‘फ्लोटेड बाय’, २०१९ च्या ‘बिस्मिल्ला’ अल्बममधलं. दर महिन्याला एक तरी भारतीय बँड असतोच, उपकार म्हणून नाही, गाणं त्या जागी बसलं म्हणून. मग बिग थीफचं ‘नॉट’, तेही २०१९ चं, सहा मिनिटांचं, टेक्सासच्या वाळवंटातल्या स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवून केलेलं, शेवटी गिटार अक्षरशः ओरडते. आणि इतक्या आवाजानंतर शेवटचं डेथ कॅब फॉर क्युटीचं ‘ट्रान्सअटलांटिसिझम’, २००३, जवळजवळ आठ मिनिटं, दोन माणसांच्या मधे समुद्र आलाय एवढाच विषय आणि उत्तरार्धात एकच वाक्य परत परत वाढत जातं. शेवटचं गाणं कुणासाठी ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही इंडी म्हणजे नक्की काय असंही विचारलंय. थोडक्यात, आधी तो आवाजाचा प्रकार नव्हताच, रेकॉर्ड कोण काढतं याची गोष्ट होती. मँचेस्टरच्या बझकॉक्सने जानेवारी १९७७ मधे पाचशे पाउंड उसने घेऊन स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवर, ईपी काढली, तिथून ब्रिटनमधे कितीजणांना वाटलं की आपणही काढू शकतो, आणि १९८० पासून तर तिथे अशा रेकॉर्ड्सचा वेगळा चार्ट, म्हणजे खपाची क्रमवारी, सुरू झाला. आवाजाला इंडी म्हणायला लागले ते नंतर. त्यामुळे ‘हे इंडी आहे का’ यावर मित्रांशी वाद घालण्यात वेळ घालवू नका, गाणं टाका.

पाठवण्याचं. मी दोन लिंक देते, एक ॲपची आणि एक यूट्यूबची, कारण बऱ्याचजणांचं खातं फुकटचं असतं आणि माझ्या दोन मैत्रिणींकडे गाणी उलटसुलट वाजत होती, क्रम सगळा गेला, आणि मला ते तीन महिने कळलंच नव्हतं. लिंकबरोबर प्रत्येक गाण्याला एक ओळ लिहिते, पण बँडची माहिती नाही, कधी ऐकायचं किंवा कुठे कान द्यायचा एवढंच. ‘टॅली हो’ पुढे लिहिलं होतं, कीबोर्डवाल्याला लक्षात ठेवा, तो सहाव्यात परत येतो. ग्रुपवर टाकत नाही, प्रत्येकाला वेगळी पाठवते. अकरा मेसेज, वीस मिनिटं लागतात. उत्तरं यायला लागली ती यानंतरच, लांबी कमी केल्यावरसुद्धा नाही, हे मुद्दाम सांगते.

आणि महिन्याला एक अल्बम मी बँडकँपवरून, म्हणजे बँड आपली गाणी थेट विकतात त्या साइटवरून, विकत घेते, मिक्समधल्याच कोणाचा तरी. स्ट्रीमिंगमधून छोट्या बँडला फार काही मिळत नाही, तिथे मात्र पैशातला बराच मोठा हिस्सा त्यांच्याकडे जातो, आणि २०२० पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी बँडकँप आपला वाटाही सोडून देतं, मी शक्यतो तोच दिवस धरते. तुम्हाला जमेल तेव्हा करा, पण करा.

ऑगस्टची अजून चारच गाणी झालीत. शेवटचं ठरलंय, पहिलं सापडत नाहीये. बाबांनी सांगून ठेवलंय की यावेळी पाचातलं काहीतरी शोध, म्हणून रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं एकेक गाणं लावून बोटांवर मोजत बसतो.