शॅडो आणि डॉक सॅव्हेज यांचे लेखक खरे कोण?

शॅडो आणि डॉक सॅव्हेज हे जुन्या अमेरिकी मासिकांतल्या साहसकथांचे नायक. त्यांच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून छापलेले मॅक्सवेल ग्रँट (शॅडो) आणि केनेथ रोबसन (डॉक सॅव्हेज) खरे होते का, असं विचारलंय. नव्हते. दोन्ही टोपणनावं, न्यूयॉर्कच्या स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशकाच्या मालकीची. लेखक सोडून गेला तरी नाव प्रकाशकाकडेच, चतुर सोय!

शॅडोची गंमत तर औरच. १९३०मध्ये तो रेडिओवरचा नुसता एक गूढ आवाज होता, कंपनीच्या डिटेक्टिव्ह मासिकाच्या जाहिरातीसाठी. लोक स्टॉलवर जाऊन त्या आवाजाचंच मासिक मागू लागले, जे मुळी अस्तित्वातच नव्हतं! मग १९३१ साली ते घाईघाईनं काढलं आणि लिहायला बसवलं वॉल्टर गिब्सनला. हा माणूस स्वतः जादूच्या प्रयोगांतला जाणकार, प्रसिद्ध जादूगार हूडिनीसाठीही पडद्याआडून लिहिलेला. शॅडोच्या सव्वातीनशे कादंबऱ्यांपैकी २८०हून जास्त त्याच्याच.

डॉक सॅव्हेज १९३३चा, बहुतेक लेखन लेस्टर डेंटचं. त्याच वर्षी पॉप्युलर पब्लिकेशन्स या दुसऱ्या प्रकाशकानं स्पायडर हा नायक आणला (स्पायडरमॅन नव्हे, हा वेगळा!), तिथंही तोच टोपणनावाचा खेळ. मला विचाराल तर तिघांत शॅडोच सरस.

स्ट्रीट अँड स्मिथनं १९४९मध्ये शॅडो आणि डॉक सॅव्हेज ही दोन्ही मासिकं बंद केली.