अंडं उघडं दिसलं तरी घाबरू नको

इंग्लंडमधल्या डर्बी कॅथेड्रल या मोठ्या चर्चच्या ऑनलाइन कॅमेऱ्यात बहिरी ससाण्याचं पहिलं अंडं दिसलं अन् मादी त्यावर बसेना, म्हणून लगेच ग्रुपवर 'सोडून गेली' असं टाकू नको. तीन-चार अंडी पुरी होत आली की मगच ती नेटानं बसते. तिथून पिल्लं बाहेर यायला साधारण ३३ दिवस धर. जोडीतला थोराड पक्षी मादी. नर बराच लहान, पण अंडी उबवायला तोही बसतो. काड्यांचं घरटं शोधू नको, खडीतला उथळ खळगा, बास.

उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यामागं साडेचार तास, म्हणजे आपल्या पैठणला साडेदहा वाजले की तिथं सकाळचे सहा. पिल्लांना भरवताना रक्त-पिसं दिसणारच. लेकरांना दाखवायचं का, ते तुझं तू बघ. हिवाळ्यात मात्र स्क्रीन सोडून ससाणा बघायला नाथसागर जलाशयावर चल. बदकांचा थवा एकदम उधळला की आधी वर बघायचं, ससाणा असेल.