पाचवी रँक काढून आलो, आता एमबीबीएस नकोसं झालंय

प्रश्न : मॅडम, मी सरकारी कॉलेजात एमबीबीएस थर्ड इयरला आहे. दहावीनंतर लातूरला दोन वर्षं क्लास केले, आमच्या क्लासमधून पाचवा आलो, गावात बॅनर लागला. आता सकाळी वॉर्डात जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. सोबतचे मित्र पुण्यात इंजिनिअरिंग करून पुढच्या वर्षी नोकरीला लागतील आणि मी अजून बाबांकडे मेसचे पैसे मागतो. चूक झाली असं रोज वाटतं. सोडून देऊ का? घरी सांगायची हिंमत नाही. – एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : सगळ्यात आधी हे ऐक, तू आळशी नाहीस आणि तू एकटाही नाहीस. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मेडिकलच्या मुलांच्या मनःस्वास्थ्यावर टास्क फोर्स नेमला होता, त्याचा अहवाल २०२४ मध्ये आला, त्यात एमबीबीएसच्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक त्रास असल्याचं सांगितलंय. म्हणजे चौघांत एकाहून जास्त. तुमच्या बॅचमध्येही असतील, फक्त हॉस्टेलवर कोणी बोलत नाही कारण सगळ्यांच्याच गावात बॅनर लागलेले असतात.

माझ्याकडे अशी बरीच पत्रं येतात आणि ती वाचून माझं मत असं झालंय की बहुतेकांना पस्तावा पेशंटचा नसतो, एकामागून एक लागलेल्या परीक्षा-बॉण्डच्या रांगेचा असतो. तूच हिशोब कर. अठराव्या वर्षी आलास, साडेपाच वर्षं इंटर्नशिपसकट, मग सरकारी कॉलेजचा एक वर्षाचा बॉण्ड म्हणजे सक्तीची सरकारी नोकरी, मग नीट पीजीसाठी, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेसाठी, बहुतेक मुलं एक वर्ष घरी बसतात, मग एमडीची तीन वर्षं, त्यावर परत बॉण्ड, म्हणजे तिशी आली. नीट पीजीला दोन लाखांवर मुलं बसतात आणि जनरल मेडिसिन, रेडिओलॉजी, स्किन अशा ब्रँचच्या जागा त्यामानाने थोड्या. त्यामुळे थर्ड इयरचा मुलगा वॉर्डात उभा असतो पण डोकं पीजीच्या तयारीच्या एमसीक्यू ॲपमध्ये असतं, केस नीट घेतच नाही, आणि मग म्हणतो मला मेडिसिन आवडत नाही. अरे, ते भेटलंय कुठे तुला अजून?

आणि जे दिसतं ते पण मन उडवणारंच. पहाटे पाचला इंटर्न वीस पेशंटचं रक्त काढतोय, रक्ताच्या बाटल्यांवर (बल्बवर) नावं लिहून चिकटवतोय, वॉर्डबॉय नाही म्हणून पेशंटची ट्रॉली ढकलत सीटी स्कॅनला नेतोय, रिपोर्टसाठी लॅबच्या खिडकीशी उभा आहे आणि राउंडला एक रिपोर्ट कमी पडला तर सगळ्यांसमोर बोलणी खातोय. निवासी डॉक्टरांना सलग बारा तासांहून जास्त ड्युटी नको हे केंद्राने १९९२ मध्येच सांगितलंय, तरी छत्तीस तासांच्या ड्युट्या आजही लागतात. हे बघून कोणत्याही शहाण्या पोराला वाटेल की मी कुठे येऊन पडलो. यात दोष तुझा नाही, माणसं न भरणाऱ्या व्यवस्थेचा आहे, आणि याचा मला खरंच राग येतो.

म्हणून सोडायचं की नाही हे आत्ता ठरवू नकोस, महिनाभर एक कर. रोज एकच पेशंट घे, पण पूर्ण. कुठल्या गावचा, काय काम करतो, दुखणं कधीपासून, गोळ्या परवडतात का, आणि डिस्चार्ज होईपर्यंत त्याला रोज भेट. त्या पेशंटकडे जाताना पण गोळा येतो का ते बघ. येत नसेल तर तुझं भांडण रांगेशी आहे, आणि रांग सोडून पण डॉक्टर राहता येतं. मेडिकल ऑफिसर म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करता येतं, यूपीएससीची सीएमएस, म्हणजे केंद्र सरकारच्या डॉक्टरांच्या नोकऱ्यांची परीक्षा, देता येते, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला (टिसला) पब्लिक हेल्थ किंवा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन करता येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, तेही मेडिसिनच आहे आणि तिथे पीजीची रँक कोणी विचारत नाही.

पेशंटजवळ बसून पण नकोच वाटत असेल तर मात्र सोडण्यात काही पाप नाही. पंधराव्या वर्षी क्लासच्या फीसोबत घेतलेला निर्णय आयुष्यभर ओढायची सक्ती कोणावरच नको. फक्त रागात सोडू नकोस, मधेच सीट सोडल्यावर काय भरावं लागतं ते स्टुडंट सेक्शनला जाऊन तुझ्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाच, ॲडमिशनच्या वेळी सही केलेल्या कागदांची झेरॉक्स काढून ठेव.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणंच नको असं मनात येत असेल तर महिना वगैरे काही थांबू नको, आजच टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात. कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत ओळखीचे सर असतील म्हणून लाज वाटत असेल तर दुसऱ्या हॉस्पिटलला जा, पण जा.

बाबांना फोनवर सांगू नकोस. सुट्टीत घरी जा, दोन दिवस राहा, आणि 'सोडतो' असं न म्हणता 'मला त्रास होतोय' इथून सुरुवात कर.