वाचक विचारतात : डोंगरातल्या गावांना मदत करायला जाताना

प्रश्न : आम्ही कोथरूडचे दहा-बारा जण, बहुतेक निवृत्त शिक्षक. जूनमध्ये हिमाचलमधल्या स्पितीला निघालोय. नुसतं फिरून येण्यापेक्षा एखाद्या गावासाठी काही करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. सोसायटीतून जुने स्वेटर जमवतोय, ओळखीचे एक डॉक्टर औषधं घेऊन येणार आहेत आणि चार दिवस तिथल्या शाळेत शिकवायचाही विचार आहे. मनालीहून थेट काझापर्यंत गाडी ठरवली आहे. आणखी काय न्यावं?
— एक निवृत्त मुख्याध्यापिका

उत्तर : बाई, आधी गाडीचा रस्ता बदला. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, मनाली दोन हजारांवर आणि काझा जवळजवळ ३,८०० मीटरवर. मनालीहून निघायचं, साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड ओलांडायची आणि त्याच रात्री काझात झोपायचं, हे साठीच्या माणसाला झेपणारं नाही. शिवाय जूनच्या सुरुवातीला कुंझुम बर्फाने बंदही असू शकते. सिमल्याहून किन्नौरमार्गे जा. कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत चढलात की शरीर हळूहळू सरावतं. (ताबोचा मठ ९९६ सालचा आहे. तिथे एखादा दिवस जास्त गेला तरी सार्थकी लागेल.) डोकं दुखलं, मळमळलं तर अंगावर काढू नका, त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच उपाय. हे इतकं लिहितेय कारण नर्स म्हणून पहाडातल्या शिबिरांना गेले, तेव्हा गावासाठी ठेवलेला ऑक्सिजन मदतीला आलेल्या पाहुण्यांनाच लावावा लागलेला मी पाहिलाय. गावातली मोजकी साधनं आपल्यासाठी खर्च होऊ नयेत, ही पहिली मदत.

स्वेटर नेऊ नका. हिवाळ्यात स्पितीत पारा उणे वीसच्या खाली जातो. पुण्याच्या डिसेंबरसाठी घेतलेले स्वेटर तिथे कुणाला पुरणार? तिथल्या बायका स्वतः उत्तम लोकरकाम करतात. त्यांनी विणलेले मोजे, शाली विकत घ्या. गावातल्या घरीच उतरा आणि राहण्याचे पैसे घासाघीस न करता द्या. पाणी बेतानं वापरा, तिथे ते खरंच कमी आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या नेल्यात तर त्या परत आणायची जबाबदारीही तुमची.

आता शाळा. तिथली मोठी सुट्टी हिवाळ्यात असते, म्हणजे जूनमध्ये वर्ग ऐन भरात असतात. तुम्ही इतकी वर्षं शाळा चालवलीत. सत्राच्या मध्येच अनोळखी दहाजण येऊन चार दिवस गाणी-गोष्टी घेऊन गेले असते, तर पाचव्या दिवशी वर्गशिक्षिकेला मुलांना परत जागेवर आणायला किती कष्ट पडले असते? त्यापेक्षा निघण्याआधी ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांच्याकडून तिथल्या शिक्षकांचा नंबर मिळवा आणि त्यांनाच विचारा : काय अडतंय? कदाचित आठवीचं गणित अडत असेल, कदाचित प्रयोगाचं साहित्य नसेल, कदाचित काहीच नको असेल. गणित असेल तर तुमच्यातले गणिताचे सर परत आल्यावर वर्षभर, रेंज असेल तेव्हा, फोनवर त्या शिक्षकांशी बोलू शकतील. माझ्या मते तुमच्या गटाकडे देण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे, आणि त्याला गाडीत जागाही लागत नाही.

डॉक्टरांनीही तिथल्या आरोग्य केंद्राला आधी कळवावं. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या वाटल्या आणि पुढच्या महिन्यात त्या मिळाल्याच नाहीत, तर त्या माणसाचं भलं झालं असं मला म्हणवत नाही. ज्यांना तपासाल त्यांच्या नोंदी तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात द्या. वाचायच्या चष्म्यांचं मात्र जरूर विचारा. विणकाम करणाऱ्या बाईला चाळिशीनंतर चष्मा मिळाला तर तिचं काम पुढे चालू राहतं.

एव्हरेस्ट सर करणाऱ्या एडमंड हिलरींनी नेपाळमधल्या शेर्पांना काय हवं ते विचारलं. त्यांनी शाळा मागितली. १९६१ मध्ये खुमजुंगला ती सुरू झाली, १९६६ मध्ये शेजारच्या कुंदेला रुग्णालय झालं. खुमजुंगच्या त्या शाळेत शिकलेला एक शेर्पा मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि कुंदेचं रुग्णालय सांभाळू लागला. या गोष्टीतला तो पहिला प्रश्न मला फार मोठा वाटतो, एव्हरेस्टइतकाच.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, वाकडला राहतो. नेपाळमधल्या एका अनाथाश्रमात तीन आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचंय. संस्था त्यासाठी बरीच फी घेते. जावं का?

उत्तर : नको रे बाबा. नेपाळमधल्या अशा घरांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असतात. शिक्षणाचं आमिष दाखवून मुलांना दूरच्या डोंगरी गावांतून आणलं जातं, आणि पर्यटक जिथे जास्त, तिथेच ही घरंही जास्त. पाहुण्यांची फी येत राहते म्हणून मुलं आणली जातात. २०१५ च्या भूकंपानंतर पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर नेपाळ सरकारने निर्बंध घातले, ते याच भीतीने. तीन आठवडे माया लावून निघून जाणारा दादा त्या मुलांच्या वाट्याला वारंवार येतो, याचाही विचार कर.

त्याच पैशांत नेपाळमधल्याच लांगटांग खोऱ्यात ट्रेक कर. २०१५ च्या भूकंपात तिथलं गाव हिमस्खलनाखाली गाडलं गेलं होतं, लोकांनी ते पुन्हा उभं केलं. त्यांच्याच लॉजमध्ये राहा, जेव. स्थानिक गाइड घे. पोर्टर घेतलास तर त्याचा विमा आहे का ते एजन्सीला निघण्याआधी विचार, आणि त्याच्या पाठीवर किती ओझं चढवलंय ते रोज सकाळी स्वतः उचलून बघ.