टोचे पडलेली एथेलरेडची पेनी घ्यावी का? अँग्लो-सॅक्सन नाण्यांचा संग्रह कुठून सुरू करावा?

घ्या. साफ करू नका, आणि सरळ तर मुळीच करू नका.

तुम्ही लिहिलंय की लिलावात एथेलरेड दुसरा या हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राजाची लाँग क्रॉस (मागे लांब क्रॉस असलेली) चांदीची पेनी आहे, लंडनची. मागच्या बाजूला पाच-सहा बारीक टोचे आहेत, एक कड किंचित वाकलीय, आणि एका जाणकारांनी 'डॅमेज झालेला माल आहे, सोडून द्या' असा सल्ला दिलाय. हे वाक्य आपल्याकडच्या नाणेप्रदर्शनांत मी इतक्यांदा ऐकलंय आणि त्यावरून इतक्या जणांशी भांडलोय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

ते टोचे म्हणजे नाण्याच्या इतिहासाचा अर्धा भाग आहे. लाँग क्रॉस प्रकार साधारण ९९७ ते १००३ या काळातला. व्हायकिंगांना द्यायच्या खंडणीची पहिली मोठी रक्कम ९९१ची, दहा हजार पौंड. पौंडाला २४० पेन्या, म्हणजे २४ लाख नाणी. पुढे रक्कम वाढतच गेली. १००२मध्ये, म्हणजे तुमच्या पेनीचा प्रकार चलनात असतानाच, २४ हजार पौंड गेले, आणि १०१८मध्ये इंग्लंडचा राजा झालेल्या डेनिश कनूटने ७२ हजार घेतले. हे आकडे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या त्या काळच्या बखरीतले आहेत. ते फुगवलेले आहेत का यावर इतिहासकारांत वाद आहे, पण चांदी गेली हे नक्की, कारण एथेलरेडची नाणी इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडलीत. स्वीडनमधल्या उप्लांडात एका शिळालेखावर उल्फ नावाच्या माणसाबद्दल कोरलंय की त्याने इंग्लंडमध्ये तीन वेळा पैसे घेतले: पहिल्यांदा तोस्तीने दिले, मग थोर्केलने (हे दोघे व्हायकिंग सरदार), मग कनूटने.

तिकडे पोचल्यावर नाणं मोजून नाही, तर वजनाने चालायचं. चांदीचे तुकडे, तुटकी कडी आणि नाणी सगळं एकाच तराजूत. त्यामुळे घेणारा सुरीचं टोक खुपसून आत तांबं आहे का ते बघायचा, किंवा कड वाकवून धातू किती मऊ आहे ते पाहायचा. प्रत्येक हाताबदलीला एक टोचा. मुघल किंवा मराठा रुपयांवर सराफांचे ठसे असतात, त्याच कारणाने पडलेले. ते ठसे असलेला रुपया जो आवडीने विकत घेतो, तोच माणूस एथेलरेडच्या पेनीवरचा टोचा बघून नाक मुरडतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता व्यवहाराचं. टोच्यामुळे खोटं नाणं ओळखायला मदत होते. दहापट भिंगाखाली तिरका उजेड धरून एकेक टोचा बघा. खरा टोचा चंद्रकोरीसारखा असतो. सुरी तिरकी घुसलेली असते, त्यामुळे एका बाजूला चांदीचा पातळ ओठ उचललेला दिसतो आणि त्या ओठाची धार तीक्ष्ण असते. साच्यात ओतलेल्या नकलेत तोच ओठ बोथट, गोलसर होतो आणि खड्ड्याचा तळ रवाळ दिसतो. खड्ड्याच्या आतला रंगही आजूबाजूच्या पृष्ठभागासारखाच जुना हवा. आत चकचकीत चांदी दिसत असेल तर तो टोचा ताजा आहे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हाताने मारलेले टोचे दोन नाण्यांवर हुबेहूब एकाच जागी येऊच शकत नाहीत. दोन पेन्यांवर तेच टोचे त्याच जागी दिसले तर त्यांतली निदान एक ओतीव नक्कल. जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधल्या फोटोशी नाणं जुळवायलाही टोचेच कामी येतात. बिनटोच्याच्या गुळगुळीत पेनीला ही सोय नाही.

टोच्यांबरोबर अक्षरं बघा. नाणं पाडायच्या त्या काळच्या ठशांवर (डाइजवर) अक्षर कोरत नसत. पाचर, सरळ दांडी, अर्धचंद्र अशा आकाराची थोडीशीच ठोकायची हत्यारं (पंच) असायची आणि त्यांतून अक्षर जुळवायचे. त्यामुळे खऱ्या नाण्यावर उभ्या रेघेचं एक टोक रुंद, एक अरुंद असं दिसतं आणि सांधे कळतात. नकलेत रेघा एकसारख्या जाडीच्या आणि वितळल्यासारख्या होतात. पुढच्या बाजूला राजाचं डावीकडे तोंड केलेलं उघडं डोकं, केस काट्यांसारखे उभे. मागे दुहेरी रेघांचा क्रॉस कडेपर्यंत जातो आणि त्याच्या प्रत्येक टोकाला तीन चंद्रकोरी असतात. भोवतीच्या मजकुरात आधी नाणं पाडणाऱ्याचं नाव, मग टांकसाळीचं. वाचताना एक लक्षात ठेवा, इंग्रजी 'पी'सारखं दिसणारं अक्षर बहुतेक वेळा 'व'चं असतं. म्हणून विंचेस्टरची नाणी 'पिंट' अशी वाचली जातात आणि नवखा माणूस तशी टांकसाळ यादीत शोधत बसतो.

मजकूर वाचताच येत नसेल, अक्षरं उलटी किंवा अर्थहीन असतील, तर लगेच खोटं म्हणू नका. डब्लिनला राजा सिट्रिकच्या आणि स्वीडनमध्ये सिग्टुनाला राजा ओलोफच्या नावाने एथेलरेडच्या नाण्यांच्या नकला त्याच काळात पाडल्या गेल्या. त्या आज स्वतंत्र संग्रहाचा विषय आहेत.

वजनावरून फसू नका. एथेलरेडची पेनी साधारण १.१ ते १.८ ग्रॅममध्ये कुठेही बसते. एकाच प्रकारात आधीची नाणी जड, नंतरची हलकी, आणि टांकसाळीप्रमाणे फरक वेगळाच. तेव्हा 'हलकी म्हणजे खोटी' हा नियम इथे चालत नाही. त्याऐवजी नाणं उभ्या अक्षाभोवती फिरवून दोन बाजूंचा कोन बघा. या काळात तो बहुतेक वेळा ०, ९०, १८० किंवा २७० अंशांच्या जवळ येतो, कारण ठसे चौकोनी बसणीचे होते. लिलावाच्या वर्णनात हा कोन नसेल तर मेल करून विचारा.

वाकलेल्या कडेबद्दल. हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी नव्या चांदीसारखी मऊ नसते. तिच्यातलं तांबं कणांच्या सीमांवरून झिरपून गेलेलं असतं आणि धातू ठिसूळ होतो. पक्कडीत धरून दाबलं तर कड सरळ होत नाही, तुटते. ओळखीच्या सोनाराकडे नेऊन तापवून घेतलं तर पृष्ठभाग कायमचा जातो. सराफासारखं फरशीवर टाकून आवाजही ऐकू नका. बारीक तडा असलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, आणि आपटल्याने तो तडा पूर्ण होतो. चिंच, लिंबू, खायचा सोडा, चांदी चमकवायचं द्रावण यांपैकी काहीही लावू नका. फक्त जुन्या पीव्हीसी पाकिटाचा हिरवट चिकट थर असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून, न पुसता, हवेवर वाळवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि रंग असतात. नंतर मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकच्या) किंवा आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेल हवीच, आणि पावसाळ्यात ती बदलायला हवी.

सुरुवात कुठून, हे तुम्ही विचारलंच आहे. अगदी कमी पैशांत उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया राज्याचे स्टायका मिळतात, नवव्या शतकातली तांब्या-पितळेची लहान नाणी. पण लिलावात 'एथेलरेड दुसरा' असं लिहिलेलं असतं तेव्हा तो नॉर्थम्ब्रियाचा की इंग्लंडचा ते बघा, दोन वेगळे राजे आहेत आणि मध्ये सव्वाशे वर्षांहून जास्त अंतर आहे. दुसरी पायरी आठव्या शतकातले स्काट, म्हणजे चांदीची छोटी नाणी, १०-१२ मिलिमीटरची, ग्रॅमभर वजनाचे. सगळ्यात सहज मिळणारी ई मालिका, म्हणजे साळिंदरासारख्या आकृतीची, मुख्यतः आजच्या नेदरलँड्सच्या भागात पाडलेली आहे हे माहीत असू द्या. तिसरी पायरी एथेलरेड आणि कनूट. टोचे अजिबात नको असतील तर कनूटनंतरचा राजा एडवर्ड द कन्फेसर बघा. त्याने १०५१मध्ये परदेशी भाडोत्री सैन्यासाठीचा कर बंद केला, चांदी बाहेर जाणं आटलं, आणि त्याची नाणी बरीच स्वच्छ मिळतात. ऑफा, आल्फ्रेडची (राजाचं चित्र असलेली) पेनी आणि हॅरल्ड या गाजलेल्या राजांच्या नाण्यांमागे आत्ताच लागू नका. २०१९मध्ये सॉमरसेटात २,५८४ नाण्यांचा ठेवा निघाला, त्यात हॅरल्डची भरपूर नाणी होती. पण तो ४३ लाख पौंडांना सार्वजनिक संग्रहात गेला, बाजारात नाही.

हेही सांगायला हवं की सगळे टोचे सारखे नसतात. राजाच्या चेहऱ्यावर खोल टोचा असेल तर भाव पडणारच, आणि तो पडायलाच हवा. भोक किंवा टाका लावल्याची खूण हा टोचा नव्हे, तिथे दागिना केलेला असतो आणि किंमत वेगळी लागते.

शेवटचं, पण पैसे भरण्याआधीचं. नाणं कुठून आलं ते लेखी मागा. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टखाली एकाच ठेव्यातली तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा अधिक सोन्या-चांदीची नाणी सापडली तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. एकटंदुकटं सापडलेलं नाणं बहुधा त्यात येत नाही, पण त्याची नोंद केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियमच्या ईएमसी (सापडलेल्या जुन्या नाण्यांच्या) डेटाबेसमध्ये असू शकते, ती शोधा. निर्यात परवाना लागतो का, हे विक्रेत्यानेच तपासायचं आणि बिलावर लिहून द्यायचं. भारतात मागवणार असाल तर हेही धरून चला की १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. एकदा घरी आलेली पेनी पुढे लंडनच्या लिलावात विकायला पाठवू, असा हिशेब मांडून बोली लावू नका.