जुन्या रायफलीवरचं ग्रीस काढताना

आजोबांची .३१५ बोअरची रायफल परवान्यासकट तुमच्या नावावर झाली, छान. ते तपकिरी, मेणचट ग्रीस बघून घाबरू नका. त्याच्यामुळेच लोखंड गंजलेलं नाही.

आधी चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना, डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. मग बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, बाहेर काढा. एवढंच, सध्या स्प्रिंग-पिनच्या नादी लागू नका. बोल्टच्या आतलं ग्रीस परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या, नाहीतर फायरिंग पिन, म्हणजे गोळीवर आपटणारी सुई, मंदावते.

हे ग्रीस साधारण ५० अंशांच्या आसपास पातळ होतं. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन एरवी शिव्या खातं, इथे मात्र फुकटचा मदतनीस. बंद अंगणात, स्वतः शेजारी बसून तापवा आणि पुसत राहा. राहिलेलं टर्पेंटाइननं निघतं. चिंध्या जुन्या धोतराच्या घ्या. आपले टॉवेल कितीही नावाजलेले असोत, नळीत धागे सोडतात.

नवे लोक हमखास करतात ते:

- पेट्रोल वापरणं. वाफ भडकते, अजिबात नको.
- लाकडाला सँडपेपर लावणं. जुने शिक्के एकदा घासले की गेले. हलक्या हातानं पुसा, मग जवसाचं तेल अगदी थोडं. त्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.
- लोखंड कोरडं सोडणं. टर्पेंटाइननंतर लगेच बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

नळी आरपार चकचकीत दिसेपर्यंत गोळी भरायची नाही.