शेअर कोड मागितला, म्हणजे संशय घेतला का?

मुलुंडहून एका आईंचं पत्र आलं आहे. त्यांची लेक ब्रिटनमध्ये लेस्टरला एमएस्सी करून आता ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ काम करू देणाऱ्या व्हिसावर, तिथेच आहे. एका मालवाहतूक कंपनीत तिची निवड झाली आणि एचआरने रुजू होण्याआधी ‘शेअर कोड’, म्हणजे काम करायची परवानगी ऑनलाइन दाखवणारा कोड, मागितला. अडचण अशी की व्हिसाच्या दोन्ही अर्जांचं काम ठाण्याच्या एका एजंटने केलं, खात्याला ईमेलही स्वतःचाच जोडला, त्यामुळे लॉगिनचा ओटीपी त्याच्याकडे जातो. आता तो ‘व्हेरिफिकेशन’चे १५ हजार मागतोय. वर कंपनीच्या अर्जातल्या ‘स्पॉन्सरशिप लागेल का’ (म्हणजे व्हिसासाठी कंपनीचा आधार लागेल का) या प्रश्नाला सरळ ‘नाही’ लिहून टाक, असा सल्लाही देतोय. आईंना प्रश्न पडलाय, मुलगी भारतीय आहे म्हणूनच हे सगळं चाललंय का?

ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन. परक्या देशात पहिली नोकरी मिळवायला फार चिकाटी लागते.

आणि ती शंका मनातून काढून टाका. ब्रिटनमध्ये ही ‘राइट टू वर्क’, म्हणजे काम करायची परवानगी आहे का याची, तपासणी नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाची होते. लेस्टरमध्येच जन्मलेला मुलगाही आपला ब्रिटिश पासपोर्ट दाखवतो. फक्त परदेशी वाटणाऱ्यांकडेच कागद मागितले तर कंपनी भेदभावाच्या कायद्यात अडकू शकते. तपासणी न करता परवानगी नसलेला माणूस कामावर ठेवला, तर फेब्रुवारी २०२४ पासून माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत दंड आहे, पुन्हा सापडल्यास ६० हजारांपर्यंत. पहिल्या दिवसाआधी नीट तपासणी केलेली असेल, तर कंपनीला या दंडापासून संरक्षण मिळतं. एचआर मागे लागतं ते त्यासाठी.

आपल्याला हे खुपतं त्याचं कारण मला कळतं. मुंबईत नोकरी लागताना आधार, पॅन, यूएएन, आधीच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, सगळं मागतात. कधी व्हेरिफिकेशनवाला घरीही येऊन जातो. पण तुम्हाला इथे काम करायची परवानगी आहे का, असं कुणी विचारत नाही, कारण आपण इथले नागरिक. मुंबईत नोकरीला येणाऱ्या परदेशी माणसाला मात्र हा प्रश्न चुकत नाही. त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि आचारी, भाषाशिक्षक असे काही अपवाद सोडले तर त्यासाठी वर्षाला १६.२५ लाखांच्या वर पगार असावा लागतो.

आता शेअर कोड. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आपल्या यूकेव्हीआय (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात जाऊन तो स्वतः काढायचा असतो, आणि तो फुकट असतो. अक्षरं आणि अंक मिळून नऊ चिन्हांचा हा कोड नोकरीसाठी काढला की ‘डब्ल्यू’ने सुरू होतो आणि ९० दिवस चालतो. एचआर तो कोड आणि जन्मतारीख टाकतं, की पडद्यावर मुलीचा फोटो, नाव, कोणतं काम करता येईल आणि कधीपर्यंत, एवढं येतं. मग समोर बसवून किंवा व्हिडिओ कॉलवर तो फोटो तिच्या चेहऱ्याशी ताडून बघतात आणि त्या पानाची प्रत जपून ठेवतात. बँकेचा तपशील, मार्कशीट, यातलं काहीही त्यात दिसत नाही. तुमचा पुतण्या म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय, तसा जुन्या बीआरपी कार्डाचा (ब्रिटनमधल्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डाचा) फोटो पाठवून भागणार नाही. ते कार्ड एप्रिल २०२२ पासून या तपासणीला चालत नाही.

नावाचं एक बघून घ्या. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि सीव्हीवर ते गळतं. पडद्यावर एक नाव आणि ऑफर लेटरवर दुसरं, असं झालं की विनाकारण मेलामेली सुरू होते. एचआरला पासपोर्टवरचं पूर्ण नाव आधीच कळवावं. मध्यंतरी पासपोर्ट नवा केला असेल, तर तो नंबरही खात्यात बदलून घ्यावा.

एजंटबद्दल मला स्पष्टच लिहावंसं वाटतं. मुलीच्या परवानगीची किल्ली तिसऱ्याच्या खिशात आहे, आणि १५ हजारांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. कंपनीची तपासणी एजंट करूच शकत नाही, ती कंपनीनेच करायची असते. मग तो पैसे घेतोय ते फक्त आलेला ओटीपी पुढे सांगण्याचे. पैसे देऊ नका. त्याला लेखी मेसेज करून खात्यावरचा ईमेल आणि फोन मुलीच्या नावावर करून मागा. टाळाटाळ करत असेल, तर सरकारी संकेतस्थळावरूनच खातं परत मिळवण्याची सोय आहे, आणि विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या मदतकक्षालाही तिने आजच विचारावं.

स्पॉन्सरशिपच्या प्रश्नाला मात्र ‘नाही’ एवढंच लिहू देऊ नका. त्यात बहुतेक वेळा ‘आता किंवा पुढे’ असे शब्द असतात. ग्रॅज्युएट व्हिसावर आज तिला स्पॉन्सर लागत नाही, हे खरं. पण तो व्हिसा वाढवून मिळत नाही. पुढे राहायचं तर बहुधा स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे स्पॉन्सर करण्याचा परवाना असलेली कंपनी आणि पुरेसा पगार. जुलै २०२५ पासून ही पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंड आहे, नव्याने नोकरीला लागलेल्यांना थोडी सवलत आहे. व्हिसाची मुदत तर एचआरला पडद्यावर दिसतेच, त्यामुळे लपवून काही साधत नाही आणि पहिल्याच आठवड्यात विश्वास जातो. तिने लिहावं, ‘माझ्याकडे अमुक महिन्यापर्यंत ग्रॅज्युएट व्हिसा आहे, तोवर स्पॉन्सरशिप लागणार नाही, त्यानंतर लागू शकते.’ याने एखादी संधी जाईल, हे मी नाकारत नाही. पण परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकारने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. ही कंपनी त्यात आहे का, हे तिने आज रात्रीच बघावं. व्हिसाच्या मुदतीचा हिशेब तिलाही आत्ताच मांडता येईल.

खातं हातात यायला दिवस लागले, तर गप्प बसू नये. ‘लॉगिनची अडचण आहे, कोड काढण्याचं काम सुरू आहे, रुजू होण्याची तारीख थोडी पुढे घेता येईल का?’ असा दोन ओळींचा मेल एचआरला आजच जाऊ दे. तपासणी पूर्ण होण्याआधी मात्र तिने कामाला सुरुवात करू नये, कंपनी ‘चालेल’ म्हणाली तरी.